वस्तऱ्याच्या वजनाइतकं

हिद्दच्या जुन्या बाजारात, शुक्रवारी,
गंजक्या पकडी आणि मुक्या मोबाइलांच्या ढिगात
तो मिळाला. अर्ध्या दिनारला.
मूठ काळ्या शिंगाची, एक खिळा ढिला,
पात्यावरचं कंपनीचं नाव पुसत पुसत
नुसतं शेपूट उरलेलं.
लोण्यालाही विचारून कापेल इतका बोथट.

खोलीत येल्लय्या म्हणाला, याने काय करणार,
पाव कापणार?
मी म्हटलं, दाढी.
तो हसत हसत वरच्या बंकवरून खाली उतरला,
नीट बघायला.

दिवसभर ड्राय डॉकमध्ये माझ्या हातात ग्राइंडर असतो.
जहाजाच्या पोटावरचा गंज काढायचा
तर खांदा लावावा लागतो, छाती लावावी लागते.
तसाच बसलो रात्री दगड घेऊन,
दात आवळून, दाबून दाबून घासला.
सकाळी गालावरून फिरवला तर
केस कापले नाहीत, उपटले.
एजंटानं एकदा बिनपाण्यानं केली होती माझी,
तीसुद्धा याहून गुळगुळीत होती.

मशिदीमागच्या गल्लीत खुदाबख्शचं सलून.
मुलतानचा माणूस, स्वतःची दाढी मेंदीनं तांबडी.
गिऱ्हाइकाला तो ब्लेडच लावतो, अर्धं मोडून,
दर वेळी नवं,
बलदियाचा माणूस येऊन डबा तपासतो.
त्याचा दगड
दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली लावलेला.
त्यानं तो उचलला. धुतला.
दार आपटलं.

म्हणाला, पाठ आणि धार, दोन्ही टेकव.
पाठ उचललीस की केलेलं सगळं गेलं.
धार पुढे ठेवून जा,
दगडावरून साय काढायचीय असं समज.
टोकाला पोचलास की पाठीवर पलट, धारेवर नाही.
आणि जोर? मी विचारलं.
त्यानं माझं मनगट दोन बोटांत धरलं,
नाडी बघतात तसं.
लोखंडाला त्याचं वजन आहे. तुझं कशाला देतोस?

किती शुक्रवार गेले, मोजले नाहीत.
दगडावरचं पाणी काळं व्हायचं, मी ओतून द्यायचो,
पुन्हा काळं.
खरखर मात्र कमी होत होती, आणि एका रात्री
एसी बंद पडला तेव्हा कळलं,
आवाज फारसा उरलाच नव्हता.
ऑगस्टची दमट हवा, पुसायचं विसरलं की
सकाळी पात्यावर तांबूस ठिपके.
उंब्रजहून आणलेलं खोबरेल त्यातच संपलं.
डाव्या मनगटावरचे केस उडायला लागले,
सोललेल्या कोंबडीसारखा हात घेऊन
मी कामावर जायचो, कुणी विचारलं तर
भाजलं म्हणायचो.

हे सांगायचं राहिलं,
आमच्या घरी खुंटीला धोकटी होती.
अण्णा एसटी स्टँडसमोर बसायचे,
आरसा तारेच्या कुंपणाला अडकवून.
मी वस्तऱ्याकडे हात नेला की हातावर फटका.
तू आयटीआय कर. हे माझ्यापाशी संपू दे.
संपलं. मी आयटीआय केला,
वेल्डर झालो, मग ग्राइंडर, मग इकडचा.
आणि आता चाळिशी उलटल्यावर
एका मुलतान्यापाशी बसून गिरवतोय
जे घरच्या ओसरीवर फुकट होतं.
मागितलं असतं तरी मिळालं नसतं, ते वेगळं.

काल फोन लावला. स्पीकरवर ठेवला.
खाटेच्या गजाला पट्टा बांधून
वस्तरा ओढत होतो, पाठ पुढे, धार मागे,
आणि विचारत होतो,
पैसे पोचले का, गुडघा कसा आहे.
अण्णा गप्प.
वाटलं, लाइन गेली.
खोलीत पट्ट्याचा आवाज तेवढा,
चपाक, चपाक.

मग ते म्हणाले,
पट्टा ढिलाय.

मी थांबलो.

ताण. अजून ताण.
हां. आता ओढ.